पहिले २८ दिवस आणि परड्यातला पाला

कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या घरामागं परडं आहे. फार मोठं नाही. एक शेवगा, एक कागदी लिंबू, कडीपत्ता, सांडपाण्याच्या कडेला अळू आणि उरलेल्या चार वाफ्यांत हंगामाप्रमाणं जे येईल ते. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळ इथंच जाते. यंदा मात्र सोबत आहे. माहेरपणाला आलेली माझी भाची पाचव्या महिन्यात आहे, शेजारची सून आठव्यात. उन्हं उतरली की दोघी शेवग्याखाली खुर्च्या टाकतात, पोकळा नाहीतर मेथी निवडायला घेतात आणि मग गप्पा. सोनोग्राफी, सुजलेले पाय, सासू, बाळाचं नाव, परत सासू. मी वाफ्यातलं तण काढत ऐकत असते. समोरच्या घरातली, लग्नाला सहा महिने झालेली एक मुलगी अधूनमधून कडीपत्ता तोडायला येते, दोन मिनिटं उभी राहते आणि जाते. तिला या गप्पांत कुणी धरत नाही.

परवा वळीव पडून गेला आणि भाची म्हणाली, "मावशी, काय वास सुटलाय! माती खावी वाटाय लागलीय."

"त्यात काय? मी सहाव्या महिन्यात पाटीवरची पेन्सिल खाल्लो की," शेजारची म्हणाली. "पुडकंच आणून ठेवलोतो."

डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. आयुर्वेदात गरोदर बाईला 'दौहृदिनी' म्हणतात, म्हणजे दोन हृदयांची. जुन्या कवींनी तर झाडांनाही डोहाळे लावले होते. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्याशिवाय म्हणे अशोक फुलायचा नाही. माती, राख, खडू यांचे डोहाळे मात्र कवीकडं नेण्यापेक्षा डॉक्टरकडं न्यावेत. अशा खाण्याचा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी संबंध वारंवार दिसलेला आहे आणि लोह भरून निघालं की ही ओढ बहुतेक वेळा आपोआप ओसरते. उलट चिकणमाती पोटात गेली तर ती आतड्यातलं लोह धरून ठेवते, म्हणजे कमतरतेत भर. शिवाय मातीबरोबर जंतांची अंडी आणि शिसं जाण्याचा धोका वेगळाच. शेजारचीचं हिमोग्लोबिन सहाव्या महिन्यात ९.८ होतं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की पांडुरोग धरतात. पेन्सिलीचं पुडकं संपायच्या आधी हे कुणी जोडून पाहिलं नव्हतं.

भाचीचं दुखणं दुसरं. पहिले तीन महिने तिला कांद्याची फोडणी सहन होत नव्हती. कोल्हापुरात हे म्हणजे गावच सोडायची वेळ. तिच्या आजीनं सांगितलं, पित्त. २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं बोट ठेवलं ते 'जीडीएफ-१५' नावाच्या हार्मोनवर. ते गरोदरपणात प्रामुख्यानं बाळाच्या बाजूनं, वारेतून (प्लॅसेंटातून), आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मळमळीच्या केंद्राला चाळवतं. मला यातला पुढचा भाग जास्त आवडला. ज्या बायकांच्या रक्तात हे हार्मोन गरोदर राहण्याआधी कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून अचानक वाढल्यावर त्यांनाच जास्त त्रास होतो. म्हणजे उलट्या तिसऱ्या महिन्यात, पण त्यांचा हिशेब गरोदरपणाच्या आधीचा.

हे 'आधीचं' प्रकरण इथंच संपत नाही. परड्यातल्या पाल्यालाही ते लागू आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईतच झाली.

ल्यूसी विल्स नावाची इंग्रज बाई १९२८ साली मुंबईला आली. केंब्रिजमध्ये तिनं आधी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलं होतं, डॉक्टरकी नंतर केली. (आमच्या विषयाची माणसं अशी कुठंही उगवतात.) गिरण्यांत राबणाऱ्या गरीब घरांतल्या गरोदर बायकांना तेव्हा एक विचित्र पांडुरोग होत असे. तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. त्यातून बायका दगावत. विल्सनं त्या काय खातात ते पाहिलं, तसाच आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला आणि शेवटी तिला इलाज सापडला तो यीस्टच्या स्वस्त अर्कात, ब्रेडला लावायच्या मार्माइटमध्ये. १९३१ साली तिनं ते छापलं. त्यात नेमकं काय आहे हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. अमेरिकेत टेक्ससमध्ये संशोधकांनी चार टन पालक आटवून एक आम्ल वेगळं केलं आणि पानातून निघालं म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून, 'फोलियम'वरून, त्याला नाव दिलं फोलिक. 'पानाम्ल' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

हे आम्ल पेशीला डीएनए तयार करायला लागतं. जिथं पेशी झपाट्यानं वाढतात तिथं त्याची टंचाई आधी जाणवते. आईच्या अस्थिमज्जेत, तसंच गर्भात. गर्भाची पाठ आधी सपाट पट्टीसारखी असते. तिच्या कडा वर येतात, पानाच्या विड्यासारख्या वळतात, एकमेकींना चिकटतात आणि नळी होते. या नळीचाच पुढं मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. ती कुठं उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा कवटीत जन्मभराचा, कधी जिवावरचा दोष राहतो. १९९१ साली सात देशांत मिळून झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष आला. आधीचं बाळ असा दोष घेऊन जन्मलेल्या आयांना पुढच्या खेपेला गर्भधारणेआधीपासून फोलिक आम्ल दिलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं.

आता तारखा बघा. ही नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक बायकांना तोवर शंकाही आलेली नसते, किंवा आली तरी 'उन्हाचं झालं असेल' म्हणून सोडून दिलेली असते. आपल्याकडं बातमी फुटते तिसऱ्या महिन्यात आणि तेव्हा सासू पालेभाजीची पेंडी घेऊन येते. भाजी वाया जात नाही, फोलेट (पानात हे आम्ल याच रूपात असतं) पुढंही लागतंच. पण ज्या कामासाठी त्याची सर्वांत जास्त निकड होती ते काम महिना-दीड महिन्यापूर्वीच संपलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासून, निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगतात. नुसत्या भाजीवर भागत नाही, कारण पानातलं फोलेट गोळीतल्यापेक्षा कमी शोषलं जातं, आणि ते पाण्यात विरघळतं, उष्णतेनं मोडतं. भाजी चिरून मग धुतली, उकडून पाणी ओतून दिलं, की बरंचसं मोरीत. या बाबतीत आपली चाकवताची नाहीतर अंबाडीची पातळ भाजी हुशार आहे, पाणी ताटातच राहतं.

पाल्याचा गरोदरपणाशी संबंध आपल्याच मातीत तपासला गेला आहे. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार संशोधकांनी टिपून ठेवला. बाळांच्या जन्माच्या मापाशी संबंध दिसला तो एकूण किती खाल्लं याच्याशी कमी, आणि पालेभाजी, फळं, दूध किती वेळा खाल्लं याच्याशी जास्त. मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून प्रत्यक्ष प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला तळका खाऊ बायकांना गरोदर राहण्याआधीपासून रोज द्यायचा. तुलनेसाठीच्या गटाला बटाटा, कांदा वगैरे घातलेला. २०१४ साली आकडे आले. सगळ्या बायका मिळून पाहिल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक नाही. पण गर्भधारणेआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाऊ खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड भरली. ४८ ग्रॅम म्हणजे एका लिंबाएवढं, हे मान्य. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही खाऊ खाणाऱ्यांत बरंच कमी आढळलं.

पुण्याच्या अभ्यासानं पालेभाजीवाल्यांना एक टपलीही मारली आहे. तिथल्या निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाकडं झुकणारी लक्षणं सर्वांत जास्त दिसली. ही दोन जीवनसत्त्वं जोडीनं काम करतात आणि बी-१२ झाडात नसतंच. माझ्या परड्यात ते कितीही खत घातलं तरी पिकणार नाही. दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतून ते येतं. म्हणजे पांढरा रस्सा खाणाऱ्या घराला काळजी कमी. माळकरी घरानं दुधा-दह्याकडं आणि गरज पडल्यास डॉक्टरकडं बघावं.

दूध म्हटल्यावर शेजारचीनं गंगावेशीचा विषय काढलाच. "आमचे हे म्हणतात, कट्ट्यावर म्हैस पिळतात तिथलंच ताजं पी, पैलवानासारखं पोर हुईल." कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा आमच्या गावाचा अभिमान आहे आणि मीही लहानपणी वडिलांचं बोट धरून प्यायले आहे. पण कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू येऊ शकतात. लिस्टेरियाचा आजार आईला साध्या तापासारखा वाटतो, पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि गर्भपातही घडवतो. पैलवान गरोदर नसतो. दूध तिथूनच आणा, घरी उकळा आणि मग प्या.

लोहाचं मात्र खरंच गरोदरपणातच करायचं आहे, तेही नेमानं. या दिवसांत रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्यानं वाढतं, तांबड्या पेशी तितक्या वाढत नाहीत. पाहुणे वाढले म्हणून तांबड्या रश्शात तांब्याभर पाणी ओतावं तसं. त्यात बाळ स्वतःचा साठा करून घेतं. देशातल्या २०१९ ते २१ च्या आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के पांडुरोगी निघाल्या. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. "गूळ खातोय की रोज," असं भाचीचं म्हणणं. कोल्हापुरी गुळाबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण दहा ग्रॅमच्या खड्यातलं लोह बहुधा मिलिग्रॅमभरही भरणार नाही. पाल्यातलं लोहही आतडं सहजी घेत नाही. त्याला आंबट लागतं. भाजीवर लिंबू पिळलं, बरोबर आवळा किंवा पेरू खाल्ला तर शोषण वाढतं. आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर निम्म्याहून खाली येतं. हे मी सांगत होते तेव्हा दोघींच्या हातात चहाचा कप होता आणि बशीत अळूवडी. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा तासभर पुढं गेला.

मातीत हात घालावा का, हाही वाद झाला. शेजारचीच्या सासूचं म्हणणं, अजिबात नको. माझं म्हणणं, घाला, हातमोजे घालून घाला. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत उतरतो. विष्ठा पडल्यावर एक ते पाच दिवसांत तो लागण करण्याजोगा होतो आणि ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतो. ज्या बाईला ही लागण पूर्वीच होऊन गेली, तिच्या बाळाला सहसा धोका नसतो; पहिल्यांदाच गरोदरपणात झाली तर असतो. पुन्हा आधीचा हिशेब. आमच्या परड्यात शेजारपाजारची तीन मांजरं दुपारी झोपायला येतात, म्हणून मोजे आणि त्यानंतर साबण. पायात चप्पल हवीच, अंकुशकृमी अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. धनुर्वाताचे बीजाणूही मातीतच असतात. पूर्वी नाळ कापल्यावर तिला राख नाहीतर शेण लावत आणि तान्ही बाळं आठवडाभरात दगावत. आईला चार आठवड्यांच्या अंतरानं टोचलेल्या दोन लसींमुळं तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाला मिळतात. २०१५ साली भारतातून बाळंतिणी आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. झाडांवर औषध फवारायचं काम मात्र घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.

पपईचं थोडक्यात. २००२ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात पिकलेल्या पपईनं गर्भाशयावर काही परिणाम केला नाही, कच्च्या पपईच्या चिकानं मात्र ते आकुंचन पावलं. शेजारचीच्या आजेसासूला हा फरक प्रयोगाशिवाय माहीत होता.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "कांदा-लसूण चटणी बाळाला कळती काय?" कळते. लसणाच्या गोळ्या घेतलेल्या आयांच्या गर्भजलाला लसणाचा वास येतो, हे १९९५ सालीच तपासलं गेलं. २०२२ साली इंग्लंडमध्ये शंभरेक गरोदर बायकांच्या सोनोग्राफीत गर्भाचे चेहरे पाहिले. आईनं गाजराची पूड भरलेली कॅप्सूल घेतली तर गर्भाच्या तोंडावर हसऱ्यासारखा भाव जास्त वेळा आला. कोबीच्या कुळातल्या एका कडवट पालेभाजीची घेतली तर रडवेला. शेजारचीनं पोटावर हात ठेवून विचारलं, "मग कालच्या कारल्यानं ह्याचं काय झालं असंल?"

तेवढ्यात समोरची मुलगी कडीपत्त्याला आली. मी तिला शेवग्याच्या कोवळ्या फांद्या तोडून दिल्या.

"मला कशाला काकू? अजून तसलं काय न्हाई," ती दोघींकडं बघत पुटपुटली.

"ठरवलंय का?"

तिनं मान डोलावली. मी तिला गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं आणि आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. पाला कडू लागतो म्हणाली. कोवळी पानंच घ्यायची, आधी धुवायची आणि मग चिरायची, भिजवलेली मूगडाळ आणि लसणाची फोडणी, वरून झाकण, पाणी काढायचं नाही. उतरवल्यावर लिंबू.