पहिल्या प्रयोगाची गर्दी आणि पाचव्या प्रयोगाचं बुकिंग

जुनं गाजलेलं नाटक नव्या संचात नागपूरला येतं, वसंतराव देशपांडे सभागृह भरतं आणि मध्यंतरात चहा घेताना सगळे म्हणतात, ‘बघा, चांगल्या नाटकाला प्रेक्षक आहे.’ काही महिन्यांनी त्याच नाटकाचे प्रयोग थांबल्याचं कळतं. मग तीच मंडळी म्हणतात, ‘लोकांना आता चांगलं नकोच आहे.’ ही दोन्ही मतं चुकीची आहेत, कारण दोन्हींत गर्दी झालेलं नाटक आणि चाललेलं नाटक एकच धरलं आहे.

पासवर भरलेला प्रयोग आधीच बाजूला काढू. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह जवळजवळ २००० आसनांचं आहे. प्रायोजकाने पैसे भरले आणि प्रवेशिका फुकट वाटल्या, तर ते भरल्यावरून तिकीटबारीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एवढं बहुतेकांना कळतं. घोळ होतो तो तिकीट लावून भरलेल्या प्रयोगाबाबत.

जुन्या नाटकाचा प्रेक्षक आधीच तयार असतो. कुणी ते मूळ संचात पाहिलेलं असतं, कुणी अभ्यासाला वाचलेलं असतं, कुणी आईवडिलांकडून ऐकलेलं असतं. जाहिरात आली की ही मंडळी प्लॅन (आगाऊ तिकीटविक्री) उघडल्या दिवशीच तिकीट काढतात, म्हणून पहिला प्रयोग जोरात जातो. पण ही संख्या ठरलेली असते आणि एका गावात ती पहिल्या दोन-तीन प्रयोगांत संपते. नवं नाटक याच्या उलट वागतं. पहिले प्रयोग अर्धे रिकामे जातात, पण पाहून आलेला माणूस ऑफिसात सांगतो, ‘शेवट सांगत नाही, जाऊन ये.’ त्यातून पुढचं बुकिंग उभं राहतं. जुन्या नाटकाबद्दल तो सांगतो, ‘छान बसवलंय.’ ऐकणाऱ्याला गोष्ट माहीत असते, यूट्यूबवर जुनं चित्रीकरणही सापडतं, आणि ‘छान’ एवढ्या शब्दावर चौघांच्या कुटुंबाचे दोन हजार रुपये खर्च होत नाहीत. प्रयोग उत्तम असूनही तोंडी प्रसिद्धी लंगडी पडते, ती इथे.

नागपूरकरांना हे दिसत नाही, कारण आपल्याकडे पाचवा प्रयोग होतच नाही. मुंबई-पुण्याचा संच येतो, एक किंवा दोन प्रयोग करून अमरावती-अकोल्याकडे निघतो. आपण पाहतो तो नेहमी पहिलाच प्रयोग, आणि त्यावरून अख्ख्या नाटकाचं भवितव्य सांगतो. खरी परीक्षा दादर, ठाणे, पार्ले, कोथरूडला होते, दर शनिवार-रविवारी.

अभिनेते सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’ या नाट्यसंस्थेने २०१० पासून पाच जुनी नाटकं काढली, तेव्हा प्रत्येकाचे फक्त २५ प्रयोग होतील असं आधीच जाहीर केलं होतं. ७०० आसनं धरली तर २५ प्रयोग म्हणजे १७,५०० प्रेक्षक. तयार प्रेक्षक मोजूनच प्रयोगांची संख्या ठरवायची, हा माझ्या मते या धंद्यातला सर्वांत शहाणा निर्णय.

आता पैसे. आकडे केवळ समजण्यापुरते घ्या. ७०० आसनांचं सभागृह. २५० तिकिटं ५०० रुपयांची, २५० चारशेची, २०० तीनशेची. पूर्ण भरलं तर गल्ला २,८५,०००. तिकीट ५०० च्या वर नेलं की जीएसटी लागतो, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. नाईट (म्हणजे कलाकारांचं दर प्रयोगाचं मानधन), गाडीभाडं, सेटचा ट्रक, राहणं-जेवण, सभागृह आणि जाहिरात मिळून प्रयोगाचा खर्च २,२५,००० धरू. उरले ६०,०००. निर्मितीचे २० लाख असतील, तर ते फिटायला ३४ प्रयोग पूर्ण भरलेले हवेत. त्यात पुढच्या रांगांचे ८० पास वाटले की ४०,००० गेले. मग हाऊसफुल्ल पाटी लागूनही २०,०००च उरतात आणि ३४ चे १०० प्रयोग होतात. पास मागणाऱ्या ‘रसिकां’नी हा हिशेब एकदा करावाच.

जुन्या नाटकाला इथे आणखी एक फटका बसतो. आजची व्यावसायिक नाटकं चार-पाच पात्रांत लिहिली जातात, ती नाईटचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या महेश एलकुंचवारांच्या १९८५ सालच्या ‘वाडा चिरेबंदी’त दहाएक माणसं आहेत आणि एकही गाळता येत नाही, आई, दादी, प्रभा, चंदू यांतलं कुणी काढलं की घर उभंच राहत नाही. माणसं दुप्पट, तिकीट तेवढंच.

‘विदर्भात नाटकाला प्रेक्षक नाही’ हे तर बंदच करा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या झाडीपट्टी कंपन्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या फिरत्या नाटक मंडळ्या, दिवाळीनंतर गावोगाव रात्रभराचे प्रयोग तिकीट लावून करतात आणि लोक शेकड्यांनी येतात. पण नीट पाहा: तिथे रोज गाव नवं असतं, म्हणजे रोज पहिला प्रयोग, आणि पुढचं गाव टेम्पोच्या टप्प्यात. मुंबईच्या संचाला पहिला प्रयोग मिळवायला आठशे किलोमीटर यावं लागतं.

म्हणून आयोजकांनी शनिवारी दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग लावू नयेत. राहण्याचा खर्च वाचतो खरा, पण तोच ठरलेला प्रेक्षक दोन्ही प्रयोगांत वाटला जातो आणि दुपारचा अर्धा रिकामा जातो. शनिवारी नागपूर, रविवारी अमरावती, पुढच्या दौऱ्यात चंद्रपूर-यवतमाळ. सेट एका ट्रकात मावेल एवढाच. वाड्याचा खरा दरवाजा वाहून आणल्याने एकही तिकीट जास्त विकलं जात नाही. नागपूरला परत यायचं ते सहा महिन्यांनी, आणि तेव्हा आगाऊ विक्री पहिल्या चार दिवसांत निम्म्यावर गेली नाही, तर तिसरी तारीख घेऊच नये.