झाकून बाळगायचे छोटे रिव्हॉल्व्हर : मराठवाड्यातील परवानाधारकासमोरच्या निवडीची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून हत्या झाली. हत्येत बंदूक वापरलेली नव्हती, तरीही त्यानंतर जी चर्चा पेटली तिचा एक मोठा भाग जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांभोवती फिरत राहिला. एकट्या बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने दिले गेल्याचे समोर आले, कमरेला रिव्हॉल्व्हर लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या आणि प्रशासनाने परवाने तपासून रद्द करण्याचे काम हाती घेतले. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडला. ज्याला खरोखरच जिवाची भीती आहे आणि ज्याने रीतसर परवाना मिळवला आहे, त्याने अंगावर बाळगण्यासाठी कोणते छोटे रिव्हॉल्व्हर घ्यावे, आणि दुकानात गेल्यावर त्याच्यासमोर दोन-चारच नग का ठेवले जातात? याचे उत्तर दुकानदाराकडे नाही. ही निवड गेल्या दीडशे वर्षांत कायद्याने आणि कारखान्याने मिळून बरीचशी आधीच करून ठेवलेली आहे.

सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्रीच्या (काडतुसे ठेवायच्या घरांचा गोल भाग) रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये घेतले, पण ती हत्यारे मुख्यतः पट्ट्याला किंवा घोड्याच्या खोगिराला लावण्याजोगी लांब होती. खिशात मावणारे आणि तरीही जोरकस रिव्हॉल्व्हर सर्वदूर पोहोचवले ते इंग्लंडमधील वेब्ली या कंपनीने. तिने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुल डॉग’ बाजारात आणले. त्याची नळी जेमतेम अडीच इंचांची आणि चक्रीत पाच घरे होती, आणि मूठ इतकी आखूड की कोटाच्या खिशात अडकू नये. बेल्जियमच्या कारागिरांनी त्याच्या असंख्य नकला केल्या. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर झाडलेल्या गोळ्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या होत्या. पुढे अमेरिकी कारखान्यांनी हीच वाट रुंद केली. कोल्टचे सहा गोळ्यांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ मध्ये आले आणि स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५० मध्ये. दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘सेंटेनियल’ काढले. त्यात घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, चौकटीच्या आत झाकलेला होता, म्हणजे घाईत हत्यार बाहेर काढताना तो अस्तरात अडकत नसे. आखूड नळी, बारीक चक्री, कपड्यात न गुंतणारा घोडा आणि अर्ध्या किलोच्या आसपास वजन ही झाकून बाळगायच्या रिव्हॉल्व्हरची मापे तेव्हाच ठरून गेली, आणि आजही त्यांत फारसा बदल झालेला नाही.

चक्री हा रिव्हॉल्व्हरचा सर्वांत जाड भाग असतो आणि सदऱ्याखाली फुगवटा दिसतो तो तिचाच. म्हणून .३८ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे इंचांतले माप) पाच घरांवर समाधान मानावे लागले, तर .३२ बोअरमध्ये तेवढ्याच घेरात सहा घरे बसवता आली. भारतातील पुढच्या घडामोडी समजून घेताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

वेब्लीचे हत्यार जगभर विकले जात होते त्याच काळात भारतीयांच्या हातातून हत्यार काढून घेतले जात होते. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाची सुरुवात झालीच होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि तिला पक्के रूप मिळाले. भारतीयाला शस्त्रासाठी परवाना लागे, युरोपियनाला सूट असे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर लपवता येते, म्हणून त्याबद्दलचा सरकारी संशय अधिकच तीव्र होता. तो संशय इतका खोल जाण्याचे एक कारण मराठवाड्याशी जोडलेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकत होते, आणि त्यांच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी चोरून पाठवलेल्या खेपेतले होते. ते रिव्हॉल्व्हर नव्हते, पण कपड्यात झाकून आणता येणाऱ्या हत्याराची धास्ती सरकारदरबारी अशा घटनांनीच घट्ट झाली, आणि स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या मनातून ती पुरती गेली नाही.

मराठवाडा मात्र ब्रिटिश मुलखात नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि तिथे शस्त्र कोणाच्या हाती असावे हे हैदराबादेतील सत्ता ठरवत असे. एकोणिसाव्या शतकात अरब आणि रोहिले यांची भाडोत्री पथके उघड हत्यारे मिरवत या भागात वावरत. १९४७-४८ मध्ये लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार गावोगाव बंदुका घेऊन फिरले, तर त्यांच्याशी लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी सरहद्दीवरच्या कॅम्पांमध्ये मिळेल ते हत्यार जमवले. नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली गेली ती याच लढ्याला पैसा हवा म्हणून. सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून निजामासाठी विमानाने शस्त्रे उतरवत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी राजवटीत बेकायदा हत्यारे जमा करून घेण्याचे काम चालले. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या मनात उघड्यावर मिरवलेले हत्यार म्हणजे दहशत, ही जी गाठ बसली आहे ती या काळातली आहे. आजच्या परवान्यांविषयी बोलताना ती विसरून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

मराठवाडा मुक्त झाला त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, डिसेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची चर्चा झाली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये गणला होता. त्याचा आधार घेऊन ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारी टोळ्यांनाही तो मिळेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दुरुस्ती फेटाळली गेली आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क तेवढा अनुच्छेद १९ मध्ये राहिला. म्हणून भारतात रिव्हॉल्व्हर बाळगणे हा हक्क नाही. ती कारणे दाखवून मागायची परवानगी आहे, आणि ती नाकारताही येते.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. मराठवाडा तोवर मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला होता आणि बीडच्या किंवा परभणीच्या अर्जदाराला पुण्या-मुंबईच्या अर्जदाराचेच नियम लागू झाले. या कायद्याखालील व्यवस्थेने बोअरांची जी विभागणी केली, तिनेच आजची निवड घडवली. सैन्य आणि पोलीस वापरतात ती काडतुसे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत, म्हणून .३८, .४५५, .४५ आणि ९ मिलिमीटर हे बोअर प्रतिबंधित ठरले. रिव्हॉल्व्हरसाठी उरले ते मुख्यतः .३२ आणि .२२. अमेरिकेत खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास ज्या .३८ बोअरभोवती घडला, तो सामान्य भारतीय परवानाधारकाला मिळूच शकत नाही. त्याच्या वाट्याला येते ते १८९६ मधले .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. या काडतुसाची गोळी सुमारे ६.४ ग्रॅमची आणि जोर .३८ स्पेशलपेक्षा स्पष्टपणे कमी, पण धक्का सौम्य. ज्याने आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही, अशा माणसाला सौम्य धक्क्याचे हत्यार नेम धरायला सोपे जाते, म्हणून या बोअरला मी दुबळे ठरवणार नाही.

ऐंशीच्या दशकात, पंजाबातील अशांततेच्या वर्षांत, नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात थांबली. परिणाम असा झाला की देशात आधीच असलेली वेब्ली, कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनची .३२ बोअरची जुनी रिव्हॉल्व्हरे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली आणि त्यांच्या किमती मूळ देशातील किमतींच्या कितीतरी पट वाढल्या. ही पोकळी नव्वदच्या दशकात कानपूरच्या लघु शस्त्र कारखान्याने भरून काढली. त्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा आराखडा वेब्लीच्या मार्क चार या ब्रिटिशकालीन सेवा-रिव्हॉल्व्हरवर आधारलेला होता. खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते, चक्री उघडी पडते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. नळी तीन इंचांची, चक्रीत सहा घरे, वजन सुमारे ७०० ग्रॅम. हा आराखडा मुळात पट्ट्याला लावायच्या हत्याराचा असल्याने सदऱ्याखाली ते जड पडते आणि ठळक दिसते. तरी अनेक वर्षे नवे रिव्हॉल्व्हर घ्यायचे म्हणजे बहुतेकांसाठी हेच असे, आणि काडतुसे खडकीच्या कारखान्यातली, बुडाशी ‘केएफ’ अशी खूण असलेली.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर कानपूरच्याच सरकारी शस्त्र कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणले. आराखडा जुनाच ठेवून टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे ५०० ग्रॅमवर आणले, आणि स्त्रियांसाठीचे रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची ओळख करून दिली. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात होती. कापूस आणि सोयाबीनवर चालणाऱ्या घरातील स्त्रीला ती परवडणार नव्हती, आणि परवाना मिळवण्यासाठी तिने तालुका ते जिल्हा किती फेऱ्या घालाव्यात याचा विचार त्या ओळखीत कुठेच नव्हता. पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्याचे .२२ बोअरचे ‘निडर’ अवघ्या २५० ग्रॅमचे आणि आठ गोळ्यांचे आहे. झाकायला सर्वांत सोपे तेच, पण त्याचा जोर फारच अल्प. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून आलेल्या ‘प्रबळ’मध्ये चक्री बाजूला उघडते. अमेरिकी रिव्हॉल्व्हरांत ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आलेली होती. ‘प्रबळ’चे वजन मात्र पुन्हा ७०० ग्रॅमच्या आसपास गेले.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी बाळगण्याची रीतही ठरवून दिली आहे. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. ते दाखवत फिरण्यास मनाई आहे, आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही अपेक्षित आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि लग्नात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणजे झाकून बाळगणे ही आपल्याकडे परवानाधारकाची आवड राहिलेली नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. बीडमध्ये जी छायाचित्रे काढली गेली ती या नियमाच्या नेमकी उलट होती.

त्यामुळे ज्याला खरी गरज आहे त्याने दुकानात हत्याराची चकाकी आणि आकाराचा रुबाब पाहू नये. दिवसभर अंगावर राहील इतके वजन, सदऱ्याच्या किंवा साडीच्या आत न उठणारी चक्री, न अडकणारा घोडा आणि आपल्या बोटाला पेलेल इतका चापाचा ताण, एवढेच पाहावे. आज मिळणाऱ्या हत्यारांत .३२ बोअरपुरते ‘निर्भीक’ या मापांच्या सर्वांत जवळ जाते, मात्र त्याचा घोडा उघडा आहे आणि झाकलेल्या घोड्याचे .३२ रिव्हॉल्व्हर कानपूरने काढल्याचे ऐकिवात नाही.