बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा प्रथिनाहार (इंदूर)

वजन घटवण्यासाठी जठर लहान करणारी किंवा आतड्याचा मार्ग वळवणारी शस्त्रक्रिया झाल्यावर रोज पुरेशी प्रथिने पोटात जावीत म्हणून आखलेली खाण्याची पद्धत. दिवसाला किमान ६० ग्रॅम हे सर्वसाधारण उद्दिष्ट. काहींसाठी ते आदर्श वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅमपर्यंत नेतात. एरवी निरोगी भारतीय प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅमची शिफारस आहे. म्हणजे पोटातली जागा घटते आणि मागणी मात्र वाढते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आकडा डॉक्टरच ठरवतात.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. आम्ल व पेप्सिन (जठरातले प्रथिने पचवणारे विकर) कमी पडते, स्वादुपिंडाचा रस अन्नाला उशिरा भेटतो. स्लीव्हमध्ये काढलेल्या भागाबरोबर भुकेचे संप्रेरक घ्रेलिनही बरेचसे जाते, म्हणून सुरुवातीचे काही महिने घड्याळाकडे बघून खावे लागते. प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. ती कमी पडली की स्नायू झिजतात. उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे घरचा साधा वजनकाटा सांगत नाही.

होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या मराठी घरांत पदार्थांची वानवा नाही. अडचण असते ती वाढण्याच्या क्रमाची. सकाळी पोहे, वर सेव (इथे ‘शेव’ म्हटले की माणूस पुण्याचा ठरतो) आणि जिरावण (इंदुरी मसाल्याची पूड), शेजारी जिलबी. वाटीभर कोरड्या पोह्यांत, म्हणजे ५० ग्रॅममध्ये, प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या आसपास. त्यात शस्त्रक्रियेनंतर अर्धी बशी पोह्यांनीच पोट गच्च होते. जिलबीचा धोका वेगळा. पाकातली साखर झपाट्याने आतड्यात उतरली की धडधड, घाम, मळमळ, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात आणि बायपास झालेल्यांना ते अधिक छळते. दुधाची इंदुरी शिकंजी प्रथिने देते खरी, पण साखरेसकट. भुट्ट्याच्या कीसात दूध असले तरी भार मक्याचाच.

दुपारच्या ताटात वरणाला प्रथिनांचा मान मिळतो, तो त्याच्या पातळपणामुळे फारसा खरा नाही. छोट्या वाटीत तीन-चार ग्रॅम येतात आणि बाकी पाणी. म्हणून वरणापेक्षा घट्ट उसळ, दह्यापेक्षा चक्का (श्रीखंड नव्हे), आणि पोळीचा पहिला तुकडा मोडण्याआधी पनीर किंवा सोयावडी. पोळी-भाताची पाळी शेवटी, जागा उरली तर. शेवटी ताक पिण्याची सवयही सोडावी लागते: जेवताना आणि नंतर अर्धा तास पेये टाळायची असतात, आणि पेलाभर पातळ ताकात प्रथिने फारशी नसतातच.

शाकाहारी बेरीज अशी: दिवसभरात ४०० मिलिलिटर दूध म्हणजे १३ ग्रॅम, ७५ ग्रॅम पनीर १३, कोरडी २५ ग्रॅम सोयावडी १३, एक लहान वाटी घट्ट उसळ सहा-सात. पंचेचाळीसच्या पुढे गाडी अडते, आणि एवढे खाणेसुद्धा सुरुवातीचे काही महिने जमत नाही. अंडे चालणाऱ्या घरात प्रत्येक अंड्यामागे सहा ग्रॅमची सोय होते. बाकीच्यांना व्हे पावडर लागते. एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम. व्हे दुधापासूनच होते, त्यामुळे ‘हे बॉडीबिल्डरांचं’ ही आजीची शंका निराधार आहे. दूध सोसत नसेल तर व्हे आयसोलेट किंवा सोया पावडर घेतात. कोलॅजन पावडरीत ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

पहिले काही आठवडे हे सारे पातळ, मग वाटलेले, मग मऊ अशा पायऱ्यांनी येते. लहान घास, भरपूर चावणे. घाईत गिळलेले पनीर अडकते आणि उलटी होते. उलट्या थांबत नसतील तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होण्याची भीती असते, तेव्हा लगेच डॉक्टरांना गाठावे.

उपवास हा इथला खरा पेच. साबुदाण्यात प्रथिने जवळपास शून्य, आणि एकादशीची खिचडी मात्र पोट भरून टाकते. त्या दिवशी दूध, पनीर, चक्का आणि थोडे दाण्याचे कूट यांवर निभावता येते. राजगिऱ्याचा लाडू गुळाचा असल्याने बेतानेच. लग्नाच्या पंगतीतला आग्रह आणि सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊच्या दुकानांपुढचे ‘भिया, थोडं तर घ्या’ हे त्याहून कठीण, कारण त्यांना तिथी नसते.

तिसऱ्या महिन्यानंतर अनेकांचे केस गळू लागतात. वेगाने वजन उतरल्याचा शरीराला बसलेला धक्का हे त्याचे नेहमीचे कारण, आणि बहुधा केस परत येतात. प्रथिने, लोह किंवा जस्त कमी असेल तर गळती लांबते. पायांवर सूज, जिना चढताना थकवा, भरून न येणारी जखम ही अधिक गंभीर चिन्हे. रक्ततपासणी पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने आणि पुढे दरवर्षी करतात. मात्र अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) उशिरा घसरते, आणि जंतुसंसर्गासारख्या इतर कारणांनीही घसरते. म्हणून डायटिशियन रिपोर्टबरोबर तीन दिवसांच्या खाण्याची वहीही मागतात.