चाळणीतून निसटलेले शंख

खोल समुद्रात गोगलगायीची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली की वाटतं, जहाज परवा परतलं आणि काल बारसं झालं. प्रत्यक्षात ती गोगलगाय बहुधा कित्येक वर्षांपूर्वीच वर आलेली असते आणि एखाद्या संग्रहालयात अल्कोहोलच्या बाटलीत पडून असते. २०१२ मध्ये फोंतेन, पेरार आणि बुशे या संशोधकांनी याचा हिशेबच मांडला. कोणत्याही जीवाचा नमुना गोळा झाल्यापासून नवी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. मग तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढऱ्या आणि वरवर एकसारख्या दिसणाऱ्या शंखांची काय कथा!

या उशिराची मुळं पावणेदोनशे वर्षं मागे जातात. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये ‘बीकन’ या जहाजावरून एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जसजसं खोल जावं तसतसे जीव कमी होत गेले, म्हणून त्याने अंदाज बांधला की ३०० वावांखाली, म्हणजे साधारण ५५० मीटरखाली, जीवसृष्टी नसावी. एजियन हा मुळातच अन्नाच्या दृष्टीने दरिद्री समुद्र, त्यामुळे तिथला अनुभव सगळ्या महासागरांना लावणं चुकीचंच होतं. शिवाय त्याच्या कितीतरी आधी, १८१८ मध्ये, जॉन रॉस याने ग्रीनलंडजवळच्या बॅफिनच्या उपसागरात याहून पुष्कळ खोलातून जिवंत प्राणी वर आणले होते. तरीही फोर्ब्जचं म्हणणं दोन दशकं टिकून राहिलं. १८६० मध्ये भूमध्य समुद्रातली तुटलेली तारायंत्राची केबल वर ओढली गेली आणि हजार वावांहून अधिक खोलीवरच्या भागाला पोवळी नि शिंपले चिकटलेले दिसले, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

यानंतर ज्याने खोल पाण्यातल्या बारीक शंखांकडे मनापासून लक्ष दिलं तो जॉन ग्विन जेफ्रीज. पेशाने वकील, पण निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्याने शंखांना वाहिलं. १८६९ आणि १८७० मध्ये ‘पॉर्क्युपाइन’ जहाजाच्या मोहिमांवर तो स्वतः गेला. पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत ९९४ वावांवरून आलेल्या एकाच खेपेत त्याला १८६ प्रकारचे शंख-शिंपले मिळाले. त्यातले ७१ कुणीच वर्णन न केलेले होते आणि २४ तोवर फक्त जीवाश्म म्हणून माहीत होते. ज्या तळाला काही वर्षांपूर्वी निर्जीव म्हटलं जात होतं, तिथल्या चिखलाच्या एका खेपेत इतकं! मला हा आकडा सगळ्या शंखशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत आनंदाचा आकडा वाटतो. जेफ्रीजचा संग्रह मात्र १८८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने विकत घेतला. युरोपच्या समुद्रातल्या प्रजातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्या शंखांवरून त्या प्रजातींना नाव मिळालं ते शंख, अशा रीतीने वॉशिंग्टनला गेले, आणि तेव्हापासून ईशान्य अटलांटिकचा शंख तपासणाऱ्याला त्या कपाटांचीही दखल घ्यावीच लागते.

१८७२ ते १८७६ या काळातल्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेतल्या गोगलगायी रॉबर्ट बूग वॉटसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या वाट्याला आल्या. त्याचा जाडजूड अहवाल १८८६ मध्ये निघाला. कॅरिबियनमधल्या कुलेब्रा बेटाजवळ ३९० वावांवरून आलेला मऊ चिखल त्याच्यासाठी खजिना ठरला. त्या एका ठिकाणाच्या गाळातून त्याने अनेक चिमुकल्या प्रजाती वेगळ्या काढल्या. साधन म्हणाल तर भिंग, पेन्सिल आणि डोळे. शंखाचे वेढे किती, कड्या किती, त्यांच्यामधल्या रेघा कशा, हे सगळं शब्दांत आणि चित्रांत उतरवायचं. आत राहणारा प्राणी बहुधा सुकलेला किंवा नाहीसाच झालेला असे.

आपल्याकडचा धागा मुंबईत सापडतो. १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज बंगालचा उपसागर, अंदमान आणि अरबी समुद्रात फिरलं. त्यावर डॉक्टरच निसर्गशास्त्रज्ञ म्हणूनही काम करत, आणि अल्फ्रेड अल्कॉक हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला. वर आलेले शंख ब्रिटिश म्युझियमच्या एडगर स्मिथने १८९४ पासून पुढच्या दशकभरात वर्णिले. ट्रॉलच्या, म्हणजे तळावरून ओढत नेण्याच्या जाळ्यात अडकेल ते वर आलं. जाळ्याच्या डोळ्यांतून जे गळालं ते समुद्रातच राहिलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची खरी किल्ली इथेच आहे. कोणत्या गोगलगायीला नाव मिळालं हे चाळणीच्या छिद्रावर ठरलं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेचे हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेस्लर यांनी तळावरून घसरत जाणारी बारीक जाळीची घसरगाडी वापरली आणि गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या चाळणीतून काढला. १,४०० मीटरवरच्या एका खेपेत २५,२४२ जीव आले, ३६५ प्रजातींचे. समुद्र तोच होता, फक्त चाळणी बदलली होती. पुढे कमी खोल पाण्यातही हेच दिसलं. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कूमाक परिसरात बुशे आणि सहकाऱ्यांनी २,७३८ प्रजातींचे मृदुकाय प्राणी (गोगलगायी, शिंपले वगैरे) मोजले (हा अहवाल २००२ मधला). त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश प्रजाती चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान होत्या आणि पाचातल्या एका प्रजातीचा एकुलता एक नमुना हाती लागला होता. एकच शंख हातात असताना नवी प्रजाती जाहीर करावी की वाट पाहावी, हा निर्णय फार अवघड असतो. बाटल्या वर्षानुवर्षं पडून राहण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे.

दुसरी क्रांती प्रयोगशाळेत झाली. १९६५ मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला, आणि शंखाच्या अगदी टोकाशी असलेला गर्भशंख स्पष्ट वाचता येऊ लागला. गोगलगाय अंड्यात किंवा डिंभावस्थेत (अळीसारख्या बाल्यावस्थेत) असताना बनवते तो हा पहिला शंख, आणि तो मोठेपणीही टोकावर टिकून राहतो. त्याला अनेक बारीक वेढे असतील तर डिंभ पाण्यात तरंगत, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खात वाढला असं समजायचं. फुगीर आणि एखाद-दीड वेढ्याचा असेल तर तो अंड्यातल्या बलकावरच पोसला. फिलिप बुशे आणि स्वीडनचे आन्देर्स वारेन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की अथांग अंधारात राहणाऱ्या कित्येक गोगलगायींचे डिंभ प्लवक खाऊनच वाढतात. पुढे शंखातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) कळलं की त्यांतले काही थेट वरच्या उबदार पाण्यापर्यंत चढतात. दोन-तीन मिलिमीटरच्या जिवाचा हजारो मीटरचा प्रवास त्याच्याच शंखाच्या टोकावर कोरलेला असतो. बुशे आणि वारेन याच जोडीने जेफ्रीज आणि वॉटसन यांची जुनी नावं एकेक करून तपासली, एकाच प्रजातीला मिळालेली दोन-दोन नावं एकत्र केली आणि एकाच नावाखाली दडलेल्या वेगवेगळ्या प्रजाती सुट्या केल्या. अशा कामाला बातमीत जागा मिळत नाही, पण नवी प्रजाती नवी आहे हे त्याशिवाय सांगताच येत नाही.

१९७७ मध्ये गालापागोसजवळ समुद्रतळावरचे गरम झरे सापडले आणि शंखाच्या आकारावरचा विश्वासही डळमळला. तिथल्या काही लहान गोल शंखांना वरवर पाहून जुन्याच कुळात टाकता आलं असतं. दात, कल्ले आणि शरीररचना तपासल्यावर ते वेगळ्याच वंशशाखांचे निघाले. आता त्यात डीएनएची भर पडली आहे, पण इथे एक कोडं आहे. वॉटसनच्या काळातले मूळ नमुने बहुतेक रिकामे शंख. त्यांच्याशी तुलना करायची तर पुन्हा शंखावरच यावं लागतं.

नियमही कडक झाले. १९९९ नंतर छापलेल्या प्रत्येक नव्या नावासाठी मूळ नमुना नेमून देणं सक्तीचं आहे. केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनांना २०१२ पासून मान्यता मिळाली, पण झूबँक या नोंदवहीत नोंद केली तरच.

भारताचा या प्रश्नाशी आज थेट संबंध आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये समुद्रतळावरचे बहुधात्विक गोटे, म्हणजे अनेक धातू असलेले दगडी गोळे, वर काढले. आज मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात सुमारे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र अशा गोट्यांच्या शोधासाठी भारताच्या वाट्याला आहे, पाच किलोमीटरच्या आसपास खोलीवर. गोट्यांच्या अशाच पट्ट्यात, प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपर्टन भागात, २०२३ च्या एका आढाव्यात ५,५७८ प्रजाती मोजल्या गेल्या आणि त्यातल्या जवळपास नव्वद टक्क्यांना अजून नाव नाही. या गोट्यांसाठीच्या खाणकामाच्या आधी तळावरचे जीव मोजले जातात, पण बऱ्याचदा ‘गोगलगायी’ किंवा ‘कृमी’ अशा ढोबळ गटांपर्यंतच. त्या गोगलगायी दुसरीकडे कुठे राहतात का, हे प्रजाती ओळखल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी हव्यात बारीक चाळण्या, जुन्या नमुन्यांची कपाटं, आणि सूक्ष्मदर्शकापाशी वर्षानुवर्षं बसू शकेल असा माणूस, ज्याचा पगार एखाद्या प्रकल्पाच्या तीन वर्षांच्या मुदतीवर अवलंबून नसेल.