यंत्र, पैसा आणि मराठी पुस्तकं: थोडी पार्श्वभूमी

उद्योग, तंत्रज्ञान आणि समाज यांवरची मराठी पुस्तकं १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर आली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हा विषय मराठीत मुंबई-ठाणे आगगाडीच्याही आधीचा आहे.

लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९चं, इंग्रजी अर्थशास्त्रावर बेतलेलं. त्याच सुमारास ‘प्रभाकर’ साप्ताहिकातल्या शतपत्रांतून ते विलायती माल सोडा, जाडंभरडं का होईना इथलंच कापड नेसा, असं बजावत होते. १८५३ला आगगाडी सुरू झाली आणि १८५८ला गोविंद नारायण माडगावकरांचं ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ आलं.

या नव्या यंत्रांची किंमत कोण मोजतं, हे खडसावून विचारलं जोतीराव फुल्यांनी. विलायतेत यंत्रांवर तयार झालेल्या मालामुळे इथल्या विणकर-कारागिरांवर उपासमारीची पाळी आली, हे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) आहे. ग्रंथालयात हे पुस्तक समाजसुधारणेच्या कपाटात सापडतं; माझ्या मते त्याची एक प्रत उद्योगाच्या कपाटातही हवी. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तर लिहिण्यावर न थांबता १८८४ला गिरणी कामगारांची संघटना उभारली. १८९०ला मिळालेली रविवारची सुट्टी हे तिच्याच लढ्याचं फळ.

सगळ्यात गमतीदार प्रकरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. म्हणजे नांगर विकायचा तर आधी समजूत बदलायला हवी. १९२०ला शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते कारखान्याचं पत्रक म्हणून, पण बघता बघता त्याचं मासिक झालं. यंत्रं आणि धंदा यांच्या जोडीला त्यात अंधश्रद्धा, स्त्रियांचे प्रश्न आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे वादग्रस्त निबंधही ‘किर्लोस्कर’मध्येच आले. १९३०ला ‘स्त्री’ हे वेगळं मासिक निघालं. जाहिरातीसाठी काढलेल्या पत्रकाने घराघरांत इतकी भांडणं लावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पुढे या विषयाचा गंभीर अभ्यास बराचसा इंग्रजीत गेला. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२४चा, तोही इंग्रजीच. मराठी वाचकाच्या वाट्याला बहुतेक यशस्वी उद्योजकांची चरित्रं आणि ‘धंदा कसा करावा’ छापाची पुस्तकं उरली.

ही कोंडी अलीकडे अच्युत गोडबोले आणि गिरीश कुबेर यांनी फोडली. गोडबोल्यांनी संगणक, व्यवस्थापन, अर्थशास्त्र मराठीत सोपं करून आणलं. कुबेरांनी तेलाचं राजकारण सांगितलं, टाटांच्या घराण्याचा इतिहास लिहिला. दोघांनाही मोठा वाचक मिळाला. तरी आजच्या उद्योगविषयक कपाटावर कंपनीच्या केबिनमधून सांगितलेल्या गोष्टी जास्त आहेत. ॲपच्या हुकमावर घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या बाजूने, लोखंड्यांच्या वळणाचं लेखन त्या मानाने फार थोडं.