आधी भांडं, मग नियम

बडोद्यातल्या मराठी घरांत बारावीचं भौतिकशास्त्र दोन भाषांत चालतं. गुजराती माध्यमातली नात ‘स्थितिमान’ पाठ करते, महाराष्ट्रात शिकलेले आजोबा त्यालाच ‘विभव’ म्हणतात; अर्थ एकच, त्या जागी दर एकक विद्युतभारामागे असलेली ऊर्जा. क्रम मात्र दोघांचा एकच: कूलोमचा नियम (दोन भारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात), मग क्षेत्र, म्हणजे भाराचा आजूबाजूच्या जागेतला प्रभाव, मग विभव, आणि धातूसारख्या वाहकाच्या आत क्षेत्र शून्य हे शेवटी कुठेतरी. प्रत्यक्षात हे शेवटचंच आधी सापडलं.

१७५५ मध्ये अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने चांदीच्या भांड्याला विद्युतभार दिला आणि रेशमी धाग्याला बांधलेली बुचाची गोळी आत सोडली. बाहेरून भांड्याकडे झेपावणारी गोळी आत जाताच ढिम्म. तळाला टेकवून वर काढली, तरी कोरीच. असं का, ते त्यालाही उलगडेना. त्याच्या सांगण्यावरून इंग्रज शास्त्रज्ञ प्रिस्टलीने प्रयोग करून पाहिला, तेव्हा प्रिस्टलीला न्यूटन आठवला: पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, कारण ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. मग विजेचंही तसंच असणार, असं त्याने १७६७ मध्ये छापलं. कूलोमची पिळाची तराजू आली १७८५ मध्ये.

मधल्या काळात इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने गोलात गोल ठेवून हेच अधिक काटेकोरपणे तपासलं. अंतराच्या वर्गातला घातांक २ पासून फार तर एक-पन्नासांशाने ढळेल, इथवर तो पोचला आणि कागद तसेच ठेवून दिले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ते छापले १८७९ मध्ये, बडोदा कॉलेज सुरू व्हायच्या जेमतेम दोन वर्षं आधी. इतका संकोच शास्त्राला परवडत नाही.

आत काही नाही, मग पृष्ठभागावर भार पसरतो कसा? वाहकातला भार मोकळा असतो. क्षेत्र आहे तोवर तो सरकत राहतो आणि विभव सगळीकडे सारखा झाला की थांबतो. मात्र विभव सारखा म्हणजे भारही सारखा पसरला, असं नव्हे. इथेच मुलं हमखास अडखळतात. १ आणि १० सेंटिमीटर त्रिज्येचे, एकमेकांपासून बरेच दूर ठेवलेले दोन गोळे बारीक तारेने जोडले, तर मोठ्यावर एकूण भार दहापट, पण दाटी लहानावर दहापट. टोक म्हणजे फार लहान त्रिज्या; इमारतीवरचा वीजरोधक टोकदार का, त्याचं मूळ या हिशोबात आहे.

असे हिशोब मुळापासून मांडणारं गणित फ्रेंच गणितज्ञ पॉयसाँने १८१२ च्या सुमारास उभं केलं. त्यातल्या राशीला, म्हणजे आपल्या विभवाला, ‘पोटेन्शियल’ हे नाव दिलं जॉर्ज ग्रीनने, १८२८ मध्ये. हा नॉटिंगहॅमचा पिठाच्या गिरणीवाला, शाळेत गेला तो फार तर वर्ष-दीड वर्ष. निबंध वर्गणी गोळा करून छापला, गणितज्ञांपर्यंत तो फारसा पोचलाच नाही, आणि १८४१ मध्ये ग्रीन वारला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, त्या निबंधाच्या शोधात होता. १८४५ मध्ये प्रत मिळाली, ती केंब्रिजमधल्या त्याच्या शिकवणीच्या सरांकडेच.