पेनने खोडलेली जुनी तिकिटं: त्यांचा भाव का पडला, त्यामागचा इतिहास

जुन्या तिकिटावर गोल शिक्क्याऐवजी शाईची तिरकी रेघ किंवा फुली दिसली की डीलर लगेच "पेन कॅन्सल आहे" म्हणून भाव पाडतो, आणि नवीन कलेक्टरला तर वाटतं कुणीतरी तिकीट खराब करून ठेवलंय. मला हे मनापासून खटकतं. रेघ कोणी मारली, पोस्टमास्तरने की पावती लिहिणाऱ्याने, एवढं बघितल्याशिवाय अशा तिकिटाला नावं ठेवू नयेत, आणि हे बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट आलं तेव्हाच प्रश्न होता की वापरलेलं तिकीट लोकांनी काढून परत चिकटवू नये म्हणून काय करायचं. त्यासाठी माल्टीज क्रॉसचे, म्हणजे चार पाकळ्यांच्या क्रूसाच्या आकाराचे, शिक्के दिले गेले, पण त्यांची लाल शाई पुसून निघायची, म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लाल केलं आणि शाई काळी. पेनने खोडलेली पेनी ब्लॅकसुद्धा सापडतात, पण तिथे शिक्का हाच नियम होता.

पेनचा खरा राज्यकारभार अमेरिकेत. १ जुलै १८४७ ला त्यांची पहिली देशभर चालणारी तिकिटं निघाली, ५ सेंटवर फ्रँकलिन, १० सेंटवर वॉशिंग्टन, अर्ध्या औंसाच्या पत्राला ३०० मैलांपर्यंत ५ आणि पुढे १०. शिक्के मात्र ठराविक पोस्टांनाच मिळाले, बाकीच्यांना सूचना अशी होती की ज्यांच्याकडे शिक्का नाही त्यांनी प्रत्येक तिकिटावर पेनने फुली मारावी. म्हणजे ती फुली सरकारी नियमानुसारच आहे! आणि तेव्हा खेड्यातलं पोस्ट म्हणजे पुष्कळदा किराणा दुकानाचा एक कोपरा, तिथला पोस्टमास्तर दौत-टाक काढणार आणि खोडणार. कुणी एकच रेघ ओढायचा, कुणी व्यवस्थित फुली, कुणी जाळी काढायचा, आणि एखादा गावाचं नाव आणि तारीखही लिहायचा. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण ज्या बारक्या पोस्टाला शिक्का कधी मिळालाच नाही त्याची खूण तिकिटावर फक्त अशीच उरते.

इथे एक फरक लक्षात ठेवा. तिकिटावर हाताने लिहिलेलं सगळंच कॅन्सलेशन नसतं. न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरने १८४५ मध्ये काढलेल्या ५ सेंटच्या तिकिटांवर बहुतेक वेळा 'एसीएम' अशी लाल शाईतली आद्याक्षरं दिसतात, ती कर्मचाऱ्याने तिकीट खरं आहे हे दाखवायला विकण्याआधीच घातलेली, खोडायची रेघ वेगळी. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं जगप्रसिद्ध १ सेंट मॅजेंटा घ्या, त्यावर 'ईडीडब्ल्यू' अशी क्लार्कची अक्षरं आहेत आणि रद्द करणारा डेमेरारा पोस्टाचा शिक्का निराळा. २०१४ मध्ये ते साडेनऊ मिलियन डॉलरच्या आसपास विकलं गेलं, हाताने लिहिलेल्या अक्षरांमुळे कुणी नाक मुरडलं नाही.

मग पेन कॅन्सलचा भाव का पडला? पहिलं कारण शाई. त्या काळची नेहमीची लिहिण्याची शाई लोखंडी क्षार आणि माजूफळाची, ती कालांतराने तपकिरी होते, कागदही खाते, आणि ऑक्झॅलिक ॲसिडने बऱ्यापैकी उडवता येते. साहजिकच लोकांनी रेघा धुतल्या, आधी तिकीट परत वापरायला आणि नंतर कलेक्टरला न वापरलेलं म्हणून खपवायला. अमेरिकेने १८६७ पासून काही वर्षं तिकिटांवर जाळीसारखे बारीक टोचे पाडले ते याच भीतीपोटी, शाई आत मुरावी म्हणून. धुतलेली रेघ साध्या डोळ्यांना दिसत नाही पण यूव्ही दिव्याखाली बऱ्याचदा तिची सावली दिसते, त्यामुळे जुनं महागडं 'अनयूज्ड' तिकीट दिव्याखाली न धरता घेऊच नका.

दुसरं कारण महसूल, आणि इथे आपला थेट संबंध येतो. ब्रिटनमध्ये १८८१ पासून एक पेनीचं तिकीट पोस्ट आणि महसूल दोन्हीला चालायला लागलं. भारतात १९०६ मध्ये राजा सातव्या एडवर्डचं अर्धा आणि एक आण्याचं तिकीट 'इंडिया पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असं छापून आलं. वीस रुपयांच्या वरच्या पावतीला एक आणा लागायचा, आणि १८९९ च्या स्टॅम्प ॲक्टच्या कलम १२ प्रमाणे चिकटवलेलं तिकीट लावणाऱ्यानेच रद्द करायचं, त्यावर सही किंवा आद्याक्षरं आणि तारीख लिहून. आजही रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही करतो ती याच कायद्यामुळे. तर जुन्या वाड्यातल्या दप्तरात लाल एक आणा एडवर्ड मिळाला आणि त्यावर अर्धी कागदावर, अर्धी तिकिटावर अशी मोडीतली सही असेल तर ती पावतीची, पोस्टाची नाही. अशी तिकिटं ढिगाने उरली, त्यात ब्रिटिश वसाहतींची मोठ्या किमतीची तिकिटं तर दस्तांवरच जास्त लागायची, आणि त्यांची सही धुवून वर खोटा पोस्टाचा शिक्का मारायचे उद्योगही झाले. तिकिटांच्या किमतींचे कॅटलॉग काढणाऱ्यांनी महसुली वापराचा भाव वेगळा आणि खूप खाली लावला ते बरोबरच होतं, पण त्या संशयाच्या फेऱ्यात खेड्यातल्या पोस्टमास्तरची प्रामाणिक फुलीही अडकली आणि अमेरिकन १८४७ ची तिकिटंसुद्धा पेन कॅन्सल असली की शिक्क्याच्या तिकिटांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात.

माझ्या मते सुरुवात करणाऱ्याला हीच संधी आहे, फक्त शक्यतो कव्हरवरचं, म्हणजे मूळ पाकिटावर चिकटलेलंच, तिकीट घ्या, म्हणजे पाकिटावर लिहिलेलं गाव, दर आणि रेघेची शाई एकमेकांशी जुळतायत का हे ताडून बघता येतं. आणि घरी एक आण्याची जुनी पावती सापडली तर तिकीट सोडवायला पाण्यात टाकू नका, रक्कम, तारीख, नावं सगळी त्या कागदावर आहेत आणि सही तर अर्धी तिथेच राहते.